एकमालकी फाल्कन

क्लाईव्हने बॉनेटखाली डोकं घातलं ते वर काढायचं नावच घेईना. शेडच्या दारात ट्रेव्हर स्वच्छ हात फडक्याला पुन्हापुन्हा पुसत होता.

पिवळी फाल्कन जीटी, एकाहत्तर सालची; शौकिनांची जुनी ऑस्ट्रेलियन गाडी. अस्सल असली तर कासलमेन गावात दोन घरं येतील एवढी किंमत. नकली असली तर कुत्रं विचारणार नाही. आणि ही नकलीच होती. एका साध्यासुध्या फाल्कनची जीटी करायला ट्रेव्हरने दोन हिवाळे हाडाची काडं केली होती. अस्सल होती ती फक्त गाडीची ओळख पटवणारी बॉडी नंबरची पत्र्याची पट्टी. मॅली भागातल्या एका शेतावर जुन्या सामानाचा लिलाव होता, तिथे खिळ्यांच्या डब्यात तळाशी ती सापडली. कुणीतरी गाडीपासून कापून काढलेली. कुणी कापली, का कापली, त्याच्याशी त्याला काय करायचं होतं?

जन्मभर गॅरेज चालवलं, पण गिऱ्हाइकाला जुना बोल्ट नवा म्हणून लावला नव्हता त्याने. आता मात्र लोर्नापुढे सगळं झक मारत गेलं. लोर्ना, त्याची बायको, हल्ली घराबाहेर पडायची आणि परतीची वाट विसरायची. परवा तर रेल्वेच्या रुळांवर सापडली. गावातल्या नर्सिंग होममध्ये एक खाट रिकामी झाली होती. शुक्रवारपर्यंत ठेव भरली नाही, तर ती दुसऱ्याला जाणार आणि लोर्नाची रवानगी थेट मिल्डुराला. इतक्या लांब, अनोळखी माणसांत ती खंगून मरेल, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"ट्रेव्ह, लेका, हा डावीकडचा पुढचा मडगार्ड मूळचा नाही," क्लाईव्ह आतून ओरडला. तो गाड्यांचा पारखी. दोघं एकाच मोटार क्लबातले, पण कामाच्या वेळी दोस्ती खुंटीला टांगणारा.

दुरुस्ती जेवढी जुनी, तेवढी किंमत कमी घसरते, हे ट्रेव्हरला ठाऊक होतं.

"बाबांना कांगारू आडवा आला होता," तो म्हणाला. "गाडी घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी."

"म्हणजे बहात्तर साली?" गिऱ्हाईक बाईंनी विचारलं. रॉझलिन टिंडल त्यांचं नाव. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने काटकुळ्या. बॅलरॅटहून सकाळीच आल्या होत्या आणि इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"हो, बहात्तरच. हिवाळ्यात."

"गॅरेजात नेली असेल ना?"

"छे हो! बाबांनी आमच्या शेडमध्येच ठोकठाक केली. विम्यालासुद्धा कळवलं नाही. कांगारूसाठी कोण एवढा उपद्व्याप करतंय!"

क्लाईव्ह हसला आणि कंबर धरून उभा राहिला. "बाकी सगळं जुळतंय, मिसेस टिंडल. एकमालकी असेल तर डोळे झाकून घ्या."

"मला एकमालकीच हवीय," बाई म्हणाल्या. "चार हातांतून फिरलेली असेल तर मी आत्ताच निघते."

"अहो, निघताय कुठे!" ट्रेव्हर जवळजवळ धावलाच. "बाबांनी कोरी घेतली, त्यांच्यानंतर मी. तिसऱ्या माणसाने स्टिअरिंगला बोट लावलेलं नाही."

तेवढ्यात लोर्ना सपाता घासत शेडमध्ये आली. गाडीकडे बघून तिने नाक मुरडलं.

"ही कुणाची रे?"

"आपलीच, राणी. बाबांची."

"काहीतरीच! तुझ्या बाबांकडे मेंढ्यांचा ट्रक होता. पिवळी गाडी कधी होती आपल्याकडे?"

क्लाईव्हची भुवई वर गेली.

"तिचं मनावर घेऊ नका," तो घाईघाईने म्हणाला. "तिला काही आठवत नाही. सकाळी मलाच विचारत होती, आपण कोण म्हणून." सबंध गावात आज एक तीच खरं बोलत होती आणि तिला आपण वेडं ठरवलं, याची त्याला भयंकर लाज वाटली.

मिसेस टिंडलनी लोर्नाचा हात धरून तिला बाहेर उन्हात खुर्चीवर बसवलं. परत येऊन त्यांनी पर्समधून कागद काढला.

"आत्ता बोललात तेच शपथेवर लिहून द्याल? कांगारूसकट?"

असली शपथपत्रं या धंद्यात रोजचीच. साक्षीदार म्हणून सही करायचा अधिकार क्लाईव्हला होता. "खोटं निघालं तर आत जाशील हं, म्हाताऱ्या," तो डोळा मारत म्हणाला. ट्रेव्हरने डिकीवर कागद ठेवून सगळं लिहून काढलं. सही नीट आली.

बाईंनी कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पर्स बंद केली.

"पैसे शुक्रवारच्या आत मिळाले तर फार उपकार होतील," ट्रेव्हर म्हणाला.

त्यांनी पहिल्यांदाच गाडीला हात लावला. डाव्या मडगार्डला.

"माझी बहीण नर्स होती," त्या म्हणाल्या. "बहात्तरच्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, एका संध्याकाळी ड्यूटी संपवून सायकलवरून घरी येत होती. एका पिवळ्या जीटीने तिला उडवलं, थांबलीसुद्धा नाही. ती जागीच गेली. एका माणसाने नंबरप्लेट टिपली होती, म्हणून नोंदणीवरून पोलिसांना बॉडी नंबरही कळला. पण गाडी घेणाऱ्याने नाव-पत्ता खोटा दिलेला, आणि गाडी जी गायब झाली ती झालीच. तेव्हापासून विकायला निघालेली एकही पिवळी जीटी मी सोडलेली नाही. तुमच्या जाहिरातीत तोच बॉडी नंबर होता."

क्लाईव्हने हळूच बॉनेट खाली केलं.

"आता एवढंच सांगा," बाई म्हणाल्या. "त्या संध्याकाळी गाडी कोण चालवत होतं? तुमचे वडील, की तुम्ही?"