डबीतली खूण

इसब नवऱ्याच्या घराण्यातच होता, म्हणून डॉक्टरांनी तान्ह्या लेकीच्या अंगाला रोज क्रीम लावायला सांगितलं होतं. सून त्या कातडीला डोळ्यांत तेल घालून जपायची. सासरे जन्मभराचे गवंडी; "बाबा, तुमच्या हातांनी ओरखडे उठतील तिला," असं सांगून तिनं त्यांना बाळाला घेऊच दिलं नव्हतं.

पण डबी भराभर रिकामी व्हायला लागली, तशी तिच्या मनात पाल चुकचुकली. "आमची पोरं काय क्रीमवर वाढली?" असं म्हणत नाक मुरडणाऱ्या सासूबाईच गुपचूप तोंडाला फासत असणार, हे तिनं धरूनच टाकलं.

एका सकाळी तिनं क्रीम वरून सपाट केलं, त्यात नखानं बारीक खूण केली आणि काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागली.

संध्याकाळी खूण गायब. वरचा थर मात्र एकसारखा घोटलेला, भिंतीला गिलावा करावा तसा.

सून डबी हातात घेऊन तरातरा सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.



त्यांनी ओशाळून दोन्ही तळवे पुढे केले. "बघ गं हात लावून, आता घेऊ का तिला?"