वहीतला गुरुवार

न्यायाधीशबाई लिंडेकाची वही वाचून दाखवत होत्या.

“गुरुवार. नऊ दहाला फोन केला, बंद. साडेदहाला पुन्हा, बंद. साडेअकराला घरी पोचले, ओळख दिली.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “इतकी नेटकी नोंद या कोर्टात क्वचितच येते.”

लिंडेकाशेजारी बसलेले संपादक बुलेलानी कुजबुजले, “बायकोला दाखवायला हवी ही वही. ती म्हणते, पेपरवाले मनाचंच लिहितात.”

लिंडेका हसली नाही. पलीकडच्या बाकावर नोझोलिले बसली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकोणीस वर्षं मुलांसाठी रांधलं होतं. दोन वर्षांपूर्वी लिंडेकाची बातमी आली: शाळेच्या गाडीतून मक्याच्या पिठाची बारा पोती हिच्या दारात उतरली. शाळेच्या कोठारात बारा पोती कमी होती. गाडी दोघांनी पाहिली होती. फोटोही होता.

चौकशीत खरं बाहेर आलं. शाळेची पोती भलत्यानंच विकली होती. नोझोलिलेच्या दारातली पोती वर्गणीतून मयताचा खर्च उचलणाऱ्या गावच्या मयत मंडळाची होती, तिच्या नवऱ्याच्या दफनानंतरच्या जेवणासाठी. मंडळाची गाडी नादुरुस्त होती, म्हणून मुख्याध्यापकांनी शाळेची दिली होती. पेपरनं आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती छापली. तोवर नोझोलिलेचं काम गेलं होतं, आणि तिच्या हातचं पाणीही कुणी पीत नव्हतं. पेपर चुकला, हे तिला कोर्टाच्या तोंडून ऐकायचं होतं.

“बातमी खोटी होती,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. नोझोलिलेनं मान वर केली. “पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. छापण्याआधी पेपरनं वाजवी काळजी घेतली होती का, हेही तो विचारतो. वादी म्हणते, ती नवऱ्याच्या दुखवट्यात रिवाजाप्रमाणे जमिनीवरच्या गादीवर बसली होती, आणि अशा वेळी विधवेनं बोलायचं नसतं. मान्य. पण तिच्या भोवती बायका होत्या. त्यांच्यातल्या एखादीला खुणेनं आपल्या वतीनं बोलायला लावता आलं असतं. वहीत काय आहे? ‘पोती शाळेच्या गाडीतून आली का, असं विचारलं. मान हलवून हो म्हणाली.’ पेपरनं यापुढे आणखी काय करायला हवं होतं?”

दावा फेटाळला गेला.

“लिंडे, वाचलो,” बुलेलानी उठत म्हणाले. “हरलो असतो तर सोमवारी छापखान्याला कुलूप होतं. चल, आज मटण माझ्याकडून.”

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली.

नोझोलिले बाहेर व्हरांड्यात टॅक्सीची वाट पाहत होती. लिंडेका तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. माफी मागायची होती, पण तोंडातून प्रश्नच आला.

“मावशी, त्या दिवशी एखाद्या बाईला खूण का नाही केलीत? तिनं सांगितलं असतं, तर मी छापलंच नसतं. मी पेपरमधून आलेय, हे सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“सांगितलंस की. पेपरात काम करणारी माणसं काय मयताला जात नाहीत?” नोझोलिलेच्या आवाजात राग नव्हता. “डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल घेऊन आलीस. माझ्याजवळ जमिनीवर बसलीस. येणारी प्रत्येक बाई पोत्यांचंच विचारत होती, कशी आणली, पुरतील का. तूही विचारलंस.”

शाल लिंडेकाच्या आईची होती. ती न घेता गेलं, तर बायका दारातूनच परत पाठवतील, हे तिला माहीत होतं. गाडीतून उतरताना तिनं ती नीट पिन लावून घेतली होती. वहीत ती कुठेच नव्हती.

“शुक्रवारी पेपर आला,” नोझोलिले म्हणाली. “मला कुणी सांगितलं नाही. गादीवरच्या बाईला कोण सांगणार? शनिवारी लोक थडग्यावरून परत आले, फाटकाशी टबात हात धुतले आणि तिथूनच आपापल्या घरी गेले. पातेली भरलेली. मला काही कळेना.”

टॅक्सी आली. तिनं पिशवी उचलली.

“तुझं ताट मात्र मी झाकून ठेवायला लावलं होतं, पोरी. म्हटलं, ही शहरातून येणार, तिला उशीर होईल.”