तोच परिच्छेद

"बाबा, हा बांध फुटल्याचा परिच्छेद इथे पुन्हा आलाय," नीता म्हणाली.

"असेल," प्रभाकर घरत म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

नीता ठाण्याहून दोन दिवसांसाठी करंजाड्याला आली होती. विमानतळात गाव गेलं तेव्हा तिचे आईवडील इथल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. गावाच्या आठवणी लिहायच्या म्हणून बाबांनी तिचा जुना लॅपटॉप मागून घेतला होता. शाळेत क्लार्क असल्यामुळे मराठी टायपिंग त्यांना सफाईनं येत होतं. लिहिलेलं नीट लावून द्यायचं आणि छापून भावकीत वाटायचं, असं ठरलं होतं.

पण फाइल वाचता वाचता नीता गोंधळून गेली.

उधाणाला मिठागराचा बांध फुटला. परकरातली मालू चिखलातून धावत शेजारच्या गावात गेली आणि पहिलं दार वाजवलं ते घरतांचं. आईची ही गोष्ट नीताला लहानपणापासून पाठ होती. ती देवळाच्या प्रकरणात होती, लग्नांच्या प्रकरणात होती, होड्यांच्या वर्णनातही मध्येच घुसली होती. शेवटी तर लागोपाठ तीच.

बाबा चहा घेऊन आले. एक कप त्यांनी गॅलरीत वाल सोलत बसलेल्या मालूबाईंना नेऊन दिला.

"तुमच्याकडून चुकून कॉपी होऊन पेस्ट होत असेल," नीता म्हणाली. "हे बघा, मजकूर हलवायचा तर आधी कट करायचं..."

"येतं मला."

त्यांनी होळीचा अख्खा मजकूर सिलेक्ट केला, कट केला आणि बरोबर सणांच्या प्रकरणात नेऊन पेस्ट केला. एक ओळही इकडची तिकडे झाली नाही.

नीतानं मग ते परिच्छेद एकाखाली एक ठेवून पाहिले. एकात परकर हिरवा होता, दुसऱ्यात पिवळा. एकात दार मालूच्या होणाऱ्या सासूबाईंनी उघडलं होतं, दुसऱ्यात स्वतः प्रभाकरांनी. कॉपी केलेलं यातलं काहीच नव्हतं. प्रत्येक वेळी सगळं नव्यानं टाइप केलेलं होतं.



"बाबा, हे आधी लिहिलंय, हे तुमच्या लक्षात येत नाही का?"

प्रभाकरांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"मी यातलं एकच ठेवते. बाकीचं काढून टाकते."

"नको. राहू दे सगळं."

नीतानं कीबोर्डवरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, "आपण एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

"दाखवलं. गेल्या महिन्यात."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुझी नोकरी, मुलांच्या परीक्षा. म्हटलं, आलीस की सांगू."

"काय म्हणाले?"

"औषधं दिली आहेत. पण हे वाढतच जाणार, म्हणाले."

नीतानं गॅलरीकडे पाहिलं. "आईला माहीत आहे?"

"नाही. तू पण काही बोलू नकोस. उगाच घाबरेल."

नीतानं त्यांच्या हातावर हात ठेवला. आता यांना इथे ठेवून चालणार नाही, दोघांनाही ठाण्याला न्यावं लागेल, असं तिच्या मनात आलं. आईला हे सगळं एकटीला झेपणार नाही.

तेवढ्यात मालूबाई पदराला हात पुसत आत आल्या. लॅपटॉप उघडा दिसताच खुर्ची ओढून नवऱ्याच्या शेजारी बसल्या. चेहरा एकदम खुलला होता.

"लिवताव ना? मंग माजी एक गोष्ट लिवा. नीता, तू पन ऐक. आजवर कोनाला सांगितली नाय मी."

प्रभाकरांनी पान खाली नेलं, नवी ओळ घेतली आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.

"कोणती गं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मिठागराचा बांध फुटला ना, ती."