व्हर्नची बंदूक

"याहून मोठी दाखव," लाइल हॅस्केट म्हणाला.

नडीनने हातातली रायफल काउंटरवर आडवी ठेवली. "याहून मोठीने रेल्वेचं इंजिन थांबतं. तुला सिंह मारायचाय ना?"

"सिंहच. पण गोळी लागली की तो मेला पाहिजे. तिथल्या तिथे, फांदीवरच."

नदीकाठच्या त्या गावात बंदुका, खोगिरं आणि कुत्र्यांचं खाणं एकाच दुकानात मिळायचं आणि ते दुकान नडीनचं होतं. काउंटरच्या कडेला कुत्री बांधायच्या साखळ्या लोंबत होत्या. लाइलने त्या कोपराने बाजूला सारल्या आणि काडतुसांच्या पेट्या पुढे ओढल्या. रात्री बर्फ पडून गेला होता. ताज्या बर्फावर डोंगरी सिंहाचा, म्हणजे झाडावर चढणाऱ्या प्यूमाचा, माग स्वच्छ उमटतो, म्हणून अशा सकाळी गावातल्या शिकाऱ्यांचे हात शिवशिवतात.

"हे कसलं?" त्याने एक पेटी उचलली.

"सबंध तांब्याचं. सिंहातून जाईल, वर पलीकडचं झाडही घेईल."

"आणि हे?"

"मऊ टोकाचं, आत जाऊन फुटतं. पण असल्या दांडग्या बंदुकीतून इतक्या जवळून झाडलंस तर कातड्याची चाळण होईल. भिंतीवर काय लावशील मग, मासे धरायची जाळी?"

लाइल हसला नाही. डिसेंबरपासून तो हसणं विसरलाच होता. डिसेंबरात त्याची टॅन्सी गेली. तशी शिकारी कुत्री त्या खोऱ्यात दुसरी नव्हती. तिने आणि बाकीच्या तीन कुत्र्यांनी माग काढून सिंह झाडावर चढवला, लाइलचा थोरला भाऊ व्हर्न याने गोळी झाडली, सिंह जिवंतच खाली आला आणि मरता मरता त्याने टॅन्सीचं पोट फाडलं. लाइल तिला मांडीवर घेऊन बर्फात बसून राहिला. उठला तो भावावर चवताळूनच. बापाच्या जुन्या बंदुकीचं खेळणं घेऊन सिंहावर निघालास, माझ्या कुत्रीला तूच मारलंस, असं तो बोलला. मग तेच तो हॉटेलात बोलला, चर्चच्या पायऱ्यांवर बोलला. गावभर डांगोरा पिटून झाला. व्हर्न मूग गिळून बसला. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद होतं.

नडीनच्या पाठीमागे विकायच्या बंदुका टांगलेल्या होत्या. त्यांत एक आखूड रायफल लाइलला दिसली. दस्त्यावर लांब चरा होता. बाप घोड्यावरून पडला तेव्हाचा.

"ही इथे काय करतेय?"

"थर्टी-थर्टी? व्हर्नने आणून दिली परवा. विकून टाक म्हणाला."

"घेणाऱ्याला सांग, कुत्री मारायला झकास आहे."

नडीन तोंडाची फटकळ बाई. पण या वेळी तिने नुसतं फडकं घेऊन काउंटर पुसला.

"किती लांबून झाडली होती?" तिने विचारलं.

"झाडाखालूनच. तुझ्या दारापासून इथवर असेल."

"आणि लागली कुठे?"

कातडं लाइलनेच सोललं होतं, त्यामुळे थाप मारायची सोय नव्हती. "खांद्यामागे. दोन्ही फुप्फुसांतून आरपार."

"मग त्याने आणखी कुठे मारायची होती?"

लाइलने पेटीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"फुप्फुसं फुटली तरी सिंह चार श्वास झुंजतो रे," नडीन म्हणाली. "तोफ आणलीस तरी ते चार श्वास तो घेणारच. तुझ्या बापाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर एकाने नेम धरायचा आणि दुसऱ्याने आधी कुत्री लांब नेऊन बांधायची. तुमची सुटी कशी राहिली? साखळी तुटली का?"

तिने सहज विचारलं होतं. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

साखळी तुटली नव्हती. साखळ्या लाइलच्या खांद्यावर होत्या आणि हातात फोन होता. बॉइझी शहरातल्या लेकीला व्हिडिओ पाठवायचा होता, आणि झाडाखाली उड्या मारणारी कुत्री त्यात मोठी छान दिसत होती. व्हर्नने नेम धरला. सिंहावरची नजर न काढता त्याने विचारलं, "बांधलीस?" आणि लाइल म्हणाला होता, "हो, हो. मार."

ते शब्द त्याने आजवर कुणापाशी काढले नव्हते, स्वतःपाशीही नाही. टॅन्सीचं दुःख मोठं होतं, त्याखाली ते दबून गेले. पण व्हर्नने तर ते ऐकले होते.

"तुला व्हर्न काय म्हणाला?" लाइलने विचारलं.

"कशाबद्दल?"

"कुत्री सुटी का होती, त्याबद्दल."

"काहीच नाही. एवढंच म्हणाला, ही आता हातात धरवत नाही."

लाइलला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. वड्याचं तेल त्याने वांग्यावर काढलं होतं, आणि भावाने ते मुकाट्याने अंगावर घेतलं होतं. त्याने मोठी रायफल नडीनकडे परत सरकवली. मागोमाग पेट्याही सरकवल्या.

"ती चरा पडलेली काढ."

"खेळणं ना ते?"

"काढ म्हणतो ना."

नडीनने बंदूक खाली उतरवून त्याच्यापुढे ठेवली. "आणि काडतुसं कुठली देऊ?"

"काडतुसं व्हर्नकडे असतील." लाइलने कडेला लोंबणाऱ्या साखळ्यांना हात घातला. "मला यातल्या तीन दे. बांधायचं काम माझं होतं."