दारावरची काळी चौकट

ओग्न्यानने इमारतीच्या दारावरच्या निधनवार्तेच्या कागदाचा कोपरा बोटाने चाचपला. कागद करकरीत होता, काल-परवाच चिकटवलेला. काळी चौकट, फोटो आणि नाव: मेतोदी झाहारिएव, वय एक्याऐंशी, पाचवा मजला. खाली 'शोकाकुल' छापून पुढची जागा कोरीच ठेवलेली. म्हणजे रडायला कोणी नाही, घरावरून भांडायलाही कोणी नाही. कागद लावणारा कुणी लांबचा पुतण्या असेल, त्याला घर लवकर भाड्याने लावायचं असेल. ओग्न्यानला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

चार दिवस तो भाड्याच्या घरासाठी सोफिया शहर पालथं घालत होता. लोझेनेत्स भागात एका खोलीला महिन्याला हजार लेव्हा. तिथल्या मालकिणीने आकडा सांगताना त्याच्या बुटांकडे पाहिलं. म्लादोस्तमध्ये आठशे. इथे ल्युलिनमध्ये, या जुनाट काँक्रीट-पॅनेलच्या खुराड्यांतही सहाशे, वर दोन महिन्यांचं आगाऊ. त्याची धाव चारशेपर्यंत.

आणि डॉक्टरांनी दिलेला वेळ सोमवारपर्यंतच. अकरा वर्षांच्या लेकीचं, कालिनाचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, गावाहून बसने चार तास जायला, चार यायला. गेल्या खेपेला परतताना ती सीटवरच बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, शहरात या, नाहीतर पोर एक दिवस बसमध्येच जाईल.

कागदांची युक्ती डायलिसिसच्या वॉर्डातल्या नर्सने सांगितली होती.

"दलालाच्या पाटीवर येईपर्यंत स्वस्त घर हातचं गेलेलं असतं, दादा. तुम्ही दारावरच्या काळ्या चौकटी वाचत फिरा. चाळिसाव्या दिवसाच्या, वर्षश्राद्धाच्या सोडून द्या. ताजी बघा, एकट्या म्हाताऱ्याची. आणि माझं नाव कुठे सांगू नका हं."

गिधाडं तरी वेगळं काय करतात? पण पोटच्या पोरीचा प्रश्न असला की माणूस असले विचार गिळतो.

कोपऱ्यावरून त्याने दोन कार्नेशन घेतली. मयताच्या घरी फुलं जोडीनेच न्यायची. लिफ्ट बंद होती. पाच मजले चढेपर्यंत त्याने वाक्य घोकलं: देव त्यांना क्षमा करो, फार वाईट झालं, आता घराचं काय ठरवलंय? मग बेल दाबली.

दार उघडलं मेतोदी झाहारिएवने. फोटोतलाच कोट, फोटोतलीच वाकडी मान.

ओग्न्यानने फुलं पाठीमागे लपवली. "तुम्ही... खाली तर..."

"मीच छापून आणला, मीच चिकटवला," म्हातारा म्हणाला. "जिवंतपणी तर कोणी फिरकत नाही. म्हटलं, गेल्यावर तरी कोण येतं ते बघावं. परवा लावलाय. सदतीस बिऱ्हाडं आहेत या जिन्यावर, रोज सगळे तो कागद वाचून वर चढतात. बेल वाजवणारा तू पहिला. कोण रे तू माझा, बाळा? मला आठवत का नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. कुणाचाही मुलगा होता आलं असतं. पण त्या डोळ्यांपुढे त्याला ते जमेना.

"कोणी नाही, आजोबा. मुलगी आजारी आहे माझी. घर रिकामं झालं असेल, म्हणून आलो."

म्हाताऱ्याने दार पूर्ण उघडलं. मग बाजूला सरकला.

"बरोबर आलास," तो म्हणाला. "रिकामंच आहे."