दहावी खुर्ची

अमेरिकेतल्या सव्हाना शहरातल्या या जुन्या घराची खाणावळ झाली, पण रीत तीच राहिली. एका टेबलावर दहा अनोळखी माणसं बसतात आणि हात धरून प्रार्थना म्हणतात. खुर्ची रिकामी राहिली तर वाढणारीनं बसायचं, हा मालकीणबाई मिस ओडेसांचा नियम. मला ते खूळ वाटायचं.

आज दुपारी नऊच जण आले. मी तळलेली कोंबडी आणेपर्यंत प्रार्थना सुरू झाली होती.

"अगं, बस ना लवकर!" मिस ओडेसा कुजबुजल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात आमेन झालं. सगळ्यांनी हात सोडले. म्हाताऱ्या प्रूएटसाहेबांचा डावा हात मात्र रिकाम्या खुर्चीवर अधांतरीच राहिला.

"सोडा की बाई आता, आमेन झालं," ते डोळे मिटूनच हसले. "दुखतंय हो!"

मग त्यांनी डोळे उघडून शेजारी पाहिलं.