पेडलवरचा कॅमेरा

पान्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली ब्रेक पॅडच्या भुकटीची बारीक काळी रेघ होती. सकाळी तीनदा साबण लावूनही ती गेली नव्हती. दुकानातल्या स्वच्छ काचेवर हात टेकल्यावर तर ती जास्तच दिसायला लागली, म्हणून त्याने मूठ आवळली. गेले दोन महिने ती तशीही आवळलेलीच होती.

"ट्रॅकवर गाडी पळवताना आतून शूटिंग करायचंय," शेजारी उभी असलेली ताई दुकानदाराला म्हणाली.

दुकानदाराने पान्याकडे पाहिलं. "साहेब चालवतात?"

"मी चालवते. हा माझा धाकटा भाऊ. गाडीचं सगळं काम हा बघतो."

"अजून तरी," पान्या म्हणाला.

दोन महिन्यांपूर्वी शेवटच्या वळणावर ताईची गाडी थेट टायरांच्या भिंतीत घुसली होती. हेल्मेट काढता काढता ती चारचौघांत म्हणाली होती, "ब्रेक मऊ पडला." एवढंच, पण तेवढं पुरलं. त्याच आठवड्यात दोघा जणांनी आपापल्या गाड्या पान्याच्या गॅरेजमधून हलवल्या. पान्याने ताईच्या गाडीचे ब्रेक तीनदा खोलले, ऑइल बदललं, नळ्या बदलल्या. तो स्वतः दाबायचा तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट असायचं. ताई दाबायची आणि मान हलवायची. "अजून मऊच लागतंय."

"मला कामावर ठेवणार आहेस की काढणार आहेस, ते एकदा तोंडाने सांग," असं त्याने परवा विचारलं होतं.

"आधी कॅमेरा घेऊ. मग सांगते."

म्हणजे तिला पुरावा हवा होता. सख्ख्या भावाविरुद्ध.

दुकानदाराने पहिला कॅमेरा काढला. "हा बघा. समोरचा अख्खा रस्ता येतो यात."

"रस्ता नको."

"मग स्टिअरिंगवरचे हात? पुष्कळांना ते आवडतं."

"पेडल. पेडल आणि माझा पाय. तिथे खाली अंधार असतो, त्यात चित्र स्वच्छ हवं."

पान्याची कानशिलं तापली. "वा! गाडी कुठे गेली ते नको, पान्याचं पेडल किती खाली गेलं ते हवं. फूटपट्टीच चिकटव ना तिथे."

"पान्या, दुकान आहे हे."

"त्या दिवशी काय आपण घरात होतो? तेव्हा बरं चारचौघांत बोलता आलं तुला!"

तो तणतणत वळला, आणि त्याचा पुढे लोखंडी टोपी बसवलेला गॅरेजमधला बूट सगळ्या वजनानिशी ताईच्या उजव्या पायावर पडला. त्याने चपापून बूट उचलला. ताईने पाय मागे घेतला नाही. खाली बघितलंसुद्धा नाही. ती कॅमेऱ्याची पुस्तिका वाचत राहिली. तोंडावर आलेली माफी पान्याने गिळून टाकली. पाय तुडवला तरी बोलायचं नाही, इतका राग!

दुसरा कॅमेरा ताईने परत केला. इंजिनाच्या थरथरीत यातलं चित्र जेलीसारखं हलेल, म्हणाली. तिसरा वीस मिनिटांत तापून बंद पडतो, हे तिने पुस्तिकेतूनच शोधून काढलं. दुकानदाराच्या कपाळावर घाम आला.

"चित्र लगेच पडद्यावर दिसेल, असा आहे का एखादा?" तिने विचारलं. "गाडी चालवताना माझ्यासमोर?"

"चालवताना कोण बघतं मॅडम? सगळे घरी जाऊन निवांत बघतात."

"मला चालवतानाच बघायचंय."

"रंगेहाथ पकडायचंय तिला," पान्या दुकानदाराला म्हणाला. "घरी जाईपर्यंत दम नाही निघत. मी तीनदा ब्रेक खोलले, रात्रीचा दिवस केला, पण भावाचा शब्द खोटा आणि या डबीचा खरा."

दुकानदाराने आतून चौथा कॅमेरा आणला, त्याला तळहाताएवढा वेगळा पडदा होता. त्याने कॅमेऱ्यापुढे बोटं हलवली. पडद्यावरची बोटंही हलली, पण किंचित मागून.

"उशीर किती होतो?"

त्याने पुस्तिका चाळली. "सेकंदाचा पाचवा भाग. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. कोणाला कळतही नाही."

ताईचे ओठ हलले. लहानपणापासून मनात आकडेमोड करताना तिचे ओठ असेच हलत.

"त्या वळणाआधी दीडशेचा वेग असतो," ती म्हणाली. "म्हणजे तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. याहून कमी उशिराचा दाखवा."

"नाही मॅडम. आमच्याकडचा हाच सगळ्यात झटपट."

तिने कॅमेरा दोन्ही हातांनी उचलून पुन्हा खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"झालं?" पान्याचा आवाज चढला. दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. "चारही नापास! आता आणखी किती लटकवणार आहेस? गॅरेज बंद पडायला आलंय माझं, ताई. तुझ्या एका शब्दाने. काढायचं तर काढ, पण आत्ता, इथे, माझ्या डोळ्यांत बघून सांग!"

ताईने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"ब्रेक घट्टच होता, पान्या. मला खरोखर मऊ वाटला होता. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या तळपायात सुई टोचली, ती कधी टोचली तेच मला कळलं नाही. म्हटलं, पायाला जाणवत नाही तर डोळ्यांनी बघून चालवेन." तिने खोकं दुकानदाराकडे सरकवलं. "उद्या ट्रॅकवर मी सगळ्यांसमोर सांगते. मेकॅनिक तूच. ड्रायव्हर दुसरा शोध."